बारा ते दीड

आमच्या कॉलेजात मैदान एकच होतं. सकाळी ते मुलांच्या क्रिकेटचं, दोन ते चार हॉकीचं, संध्याकाळी मुलांच्या फुटबॉलचं, आणि लग्नसराई लागली की शनिवार-रविवार ज्याची कुणाची वर ओळख असेल त्याच्या तंबूचं. मुलींच्या फुटबॉल टीमला बारा ते दीड ही वेळ दिली होती. दिली होती म्हणजे ती दुसऱ्या कुणालाच नको होती. ऑगस्टमध्ये दिल्लीत भर बारा वाजता ज्याने मैदानाला एक फेरी मारली आहे त्याला मी वेगळं काही सांगायला नको. ज्यांनी कधी मारली नाही त्यांनीच ह्या वेळा ठरवल्या होत्या.

नोव्हेंबरपासून सोमवारचा सराव खिळे वेचण्याने सुरू व्हायचा. आम्ही सगळ्याजणी एका रांगेत, हातभर अंतर ठेवून, माना खाली घालून ह्या गोलपोस्टपासून त्या गोलपोस्टपर्यंत चालायचो आणि तंबूवाल्यांनी मागे सोडलेले लोखंडी खिळे बादलीत टाकायचो. एकदा क्रीडा समितीचे कन्व्हिनर तिथून जाताना थांबले आणि हसून म्हणाले, "वाह, बढ़िया वॉर्म-अप है." हे वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा इरादाही नाही.

कन्व्हिनर कॉमर्सचे प्राध्यापक होते. खेळाशी त्यांचा संबंध एवढाच की क्रीडा समितीची खोली आणि तिथलं स्टीलचं कपाट त्यांच्या ताब्यात होतं. आमचा कोच आठवड्यातून तीनदा यायचा, कंत्राटावर होता, आणि कन्व्हिनर दिसले की शिट्टी खिशात घालायचा. त्याच्याबद्दल एवढं पुरे.

नियम असा होता. ठराविक हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. खेळाडूंचा सरावात गेलेला वेळ हजेरीत धरायचा, पण त्यासाठी एक फॉर्म, आणि फॉर्मवर कन्व्हिनरची सही. आम्ही दर आठवड्याला फॉर्म भरून द्यायचो आणि ते दर आठवड्याला कपाटात ठेवायचे. "सीज़न ख़त्म होने दो बेटा, इकट्ठा कर देंगे." सीझन संपल्यावर कुणाच्या सह्या होणार हे सीझनभर कोण कसं वागलं त्यावर ठरायचं. माझ्या आधीच्या वर्षी एका सीनियरने तक्रार केली होती, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही म्हणून. मार्चमध्ये तिचे फॉर्म सापडले नाहीत. बाकी सगळ्यांचे सापडले.

हा माणूस आवाज चढवायचा नाही, अपमान करायचा नाही, कुणाकडे वाईट नजरेने बघायचा नाही. फक्त सही करायचा नाही. अशा माणसाचा राग करणं लोकांना जड जातं. मला एक दिवसही गेलं नाही.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते, लेफ्ट बॅक खेळायचे आणि एका विद्यार्थी संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी, वडील केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, घरी रोज संध्याकाळी कुठल्या तरी फाइलीचं रामायण. संघटनेत गेल्यावर मला वाटलं होतं की आता मोठमोठे शब्द वापरायला मिळतील. उलट झालं. तिथल्या सीनियरने माझ्या पहिल्या पत्रकातली सगळी विशेषणं खोडून कागद परत दिला. त्याने शिकवलं ते असं: जे नाकारता येत नाही तेवढंच छाप. तारीख दे, वेळ दे. आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं सांगू नकोस, एकाचं सांग, म्हणजे वाचणाऱ्याला चेहरा दिसतो. हे मी इतकं मनापासून शिकले की माझ्या वहीत प्रत्येक सरावाची तारीख, वेळ आणि कोण आलं, कोण नाही याची नोंद असायची. टीममध्ये माझी टिंगल व्हायची. सगळ्यात जास्त करायची ती आमची गोलकीपर.

ती फरीदाबादहून यायची. तिच्या घरचे मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती, वडील नटबोल्टच्या कारखान्यात सुपरवायझर. कॉलेजात तिला खेळाच्या कोट्यातून प्रवेश मिळाला होता. आमचा विषय एकच, इतिहास, आणि टीममध्ये मराठी आम्ही दोघीच, त्यामुळे आमची भांडणं मराठीत व्हायची आणि बाकीच्यांना वाटायचं की आम्ही प्रेमाने बोलतोय.

"काय गं, लिहिलंस का?" हातमोजे काढता काढता ती विचारायची. "आज मी तीनदा पाणी प्यायले. टाइम लिही."

"लिहिते. आणि कॉर्नरला दोनदा बॉल सोडलास तेपण लिहिते."

"ते नको यार. ते इतिहासात जाईल."

रोज तिला शेअर ऑटो, मग मेट्रो, मग बस. सकाळचं पहिलं लेक्चर आठवड्यातून दोन-तीनदा चुकायचंच. म्हणजे तिची हजेरी सकाळीच अर्धी गेलेली असायची, आणि उरलेली बारा वाजता मैदानावर जायची.

एका रविवारी मी तिच्या घरी जेवायला गेले होते. ते सगळे नुकतेच चर्चमधून आले होते, तिचे पप्पा अजून इस्त्रीच्या शर्टात. मटण वाढता वाढता ते म्हणाले, "खेळू दे. मी नाही म्हणत नाही. पण एक वर्ष जरी गेलं ना, तर बास. घरी बसून कॉरस्पॉन्डन्सने कर."

"पप्पा, हिच्यासमोर कशाला?"

"हिच्यासमोरच. ही साक्षीदार."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांचा स्वतःचा डिप्लोमा एका पेपरवर अडकला होता तो अडकलाच. "एक साल, एक साल म्हणता म्हणता माझी सगळी लाइफ तशीच गेली," ते म्हणाले आणि मला अजून एक वाटी रस्सा वाढला. हा माणूस चुकीचा होता असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पण तिचं कॉलेज, तिची टीम, तिचं घराबाहेर असणं, हे सगळं त्या एका वर्षाला बांधलेलं होतं, हे मला त्या दुपारी कळलं. कळूनही मी पुढे जे केलं ते केलं.

बारा वाजताचं लेक्चर एका मॅडमचं होतं. दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, खिडकी मैदानाकडे. हजेरी घेताना आमचा नंबर आला की मॅडम चष्मा कपाळावर चढवून खिडकीबाहेर बघायच्या, आणि आम्ही खाली दिसलो की रजिस्टरमध्ये हजर लिहायच्या. वर्गातल्या मुलींनी आम्हाला हे सांगितलं. मॅडमनी स्वतः कधी एक शब्द काढला नाही. फक्त एकदा कॉरिडॉरमध्ये गोलकीपरला थांबवून म्हणाल्या, "कल बाईं तरफ़ तुमने बहुत लेट डाइव किया." ती मान डोलावत राहिली आणि मॅडम पुढे गेल्या. एवढंच. त्या एका खिडकीवर तिचं वर्ष उभं होतं. हिंदी आणि कॉमर्सच्या मुलींना अशी खिडकी नव्हती. त्यांच्यासाठी फक्त कपाट होतं.

सीझन सुरू झाला. सामने शनिवारी असायचे. मुलांच्या टीमला कॉलेजची बस, आम्हाला मेट्रो. चेंडूंची जाळी स्कॅनरमधून काढताना दरवेळी तपासणीवाली बाई विचारायची, "इसमें क्या है?" जाळीतून चेंडू दिसत असतात. पहिला सामना पाच-शून्य हरलो. दुसरा एक-एक. तिसरा आम्ही जिंकलो, दोन-एक, आणि परतताना डब्यात एवढा गोंधळ घातला की एका काकांनी डबा बदलला. चौथा शून्य-शून्य, आणि तो शून्य पूर्ण तिचा होता. शेवटची दहा मिनिटं चेंडू आमच्या अर्ध्यातून बाहेरच गेला नाही. ती ओरडत होती, "लेफ्ट, पुढे! लेफ्ट, मागे! अगं मागे म्हणतेय ना!" गोलकीपर म्हणजे मागचे डोळे. मी खेळाडू म्हणून सामान्य होते, पण तिचा आवाज पाठीशी असला की बरी खेळायचे. आता पाचवा सामना जिंकला तर आम्ही उपांत्यपूर्व फेरीत जाणार होतो. आमच्या कॉलेजच्या मुली तिथवर कधीच गेल्या नव्हत्या.

त्याच आठवड्यात आमच्या मिडफिल्डला खेळणाऱ्या कॉमर्सच्या मुलीला कन्व्हिनरने ऐकवलं, "तुम्हारे फ़ॉर्म दिख नहीं रहे." मुलींना बस नाही म्हणून ती एकदा बोलली होती. ती मैदानावर येऊन रडली. मी ठरवलं की पत्रक काढायचं.

सराव संपल्यावर मी गोलकीपरला गाठलं. "तुझे फॉर्म सगळ्यात जास्त आहेत. एकही प्रॅक्टिस तू सोडली नाहीस. तुझं उदाहरण देते."

"नाव नको."

"नाव नाही टाकणार."

"पक्का?"

"अगं, नाव नाही म्हटलं ना."

"आणि ते 'आवाज़ दो' वगैरे नको. लोक हसतात यार."

'आवाज़ दो' नव्हतं त्यात. ते मी लिहिलेलं सगळ्यात स्वच्छ पत्रक होतं. एका पानावर, हिंदीत. टीमची गोलकीपर. सत्तावीस सराव, सत्तावीस तारखा. प्रत्येक वेळी बारा ते दीड. प्रत्येक वेळी फॉर्म दिला. सही एकही नाही. यातला एकही दिवस कॉलेजने हजेरीत धरलेला नाही. खाली एक प्रश्न: कपाटाची चावी कुणाकडे आहे? माझ्या स्वतःच्या तारखा मी घातल्या नाहीत. स्वतःचं लिहिणं बरं दिसत नाही असं मला वाटलं.

गेटवर, कँटीनमध्ये, स्टाफरूमच्या दारात आम्ही ते वाटलं. दोन दिवस कॉलेजात दुसरा विषय नव्हता. क्रिकेटची मुलं येऊन म्हणाली, "सही पकड़ा है यार." मी मिरवले. खोटं कशाला बोलू, चांगलीच मिरवले.

तिसऱ्या दिवशी गोलकीपरला कन्व्हिनरच्या खोलीत बोलावणं आलं. मीही गेले.

"आप?" ते म्हणाले.

"मैंने लिखा है."

"जानता हूँ. बैठिए." टेबलावर माझं पत्रक सपाट करून ठेवलं होतं, वर पेपरवेट. "बहुत साफ़ लिखा है. तारीख, टाइम, सब कुछ. मेरे क्लर्क भी ऐसा काम नहीं करते." मग त्यांनी खालच्या खणातून एक रजिस्टर काढून पत्रकाच्या शेजारी उघडलं. आमच्या मॅडमचं हजेरीचं रजिस्टर होतं ते. "पहली तारीख देखिए. बारह से डेढ़, मैदान में. ठीक? और इधर, उसी दिन, बारह बजे, क्लास में प्रेज़ेंट." बोट खाली सरकलं. "दूसरी. प्रेज़ेंट. तीसरी. प्रेज़ेंट." त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस तारखा वाचल्या. घाई केली नाही. कुठलीही गाळली नाही. माझी पद्धत माझ्यावर वापरणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

"तो बेटा," ते गोलकीपरकडे वळले, "मैदान में थी कि क्लास में?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मैदानात म्हटलं तर मॅडमनी खोटी हजेरी लावली असं होणार, मॅडमना नोटीस जाणार, सत्तावीस दिवस खोडले जाणार आणि हिचं वर्ष जाणार. वर्गात म्हटलं तर पत्रक खोटं. फॉर्म भरून देणाऱ्या सगळ्याच मुली खोट्या.

"मंडे तक लिखकर दे दो," ते म्हणाले. "आराम से. जो सच है, वही."

बाहेर जिन्यावर ती थांबली. "नाव नको म्हणाले होते मी."

"नाव नाहीये त्यात. वाच तू."

"टीममध्ये गोलकीपर किती असतात गं? सांग ना. चार? पाच?"

"मला वाटलं..."

"मॅडमचं तुला माहीत होतं."

"होतं."

"मग?"

ह्या 'मग'चं उत्तर माझ्याकडे आज आहे, पण ते सांगायला लाज वाटते. मी कपाटाविरुद्ध लिहीत होते. माझ्या डोक्यात कागद म्हणजे त्यांचे कागद: फॉर्म, सही, नियम. मॅडमनी खिडकीतून बघून केलेली ती खूण माझ्या लेखी कागद नव्हतीच, ती माया होती. आणि ती रजिस्टरमध्ये, शाईने, तारखेखाली लिहिलेली होती. 'यातला एकही दिवस हजेरीत धरलेला नाही,' हे माझं नाकारता न येणारं वाक्य साफ खोटं होतं. ते खोटं आहे हे मला माहीत होतं. तरी छापताना मला ते खरं वाटलं, कारण ते त्या माणसाविरुद्ध होतं.

"आणि तुझे दिवस कुठेत?" ती म्हणाली. "तूपण तिथेच होतीस ना? तूपण त्याच रजिस्टरमध्ये आहेस. तुझे का नाही छापलेस?"

ती गेली. पप्पांना तिने काही सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं.

मी संघटनेकडे गेले. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर ज्या सीनियरने मला शिकवलं होतं त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. "परचा वापस नहीं लेते," तो म्हणाला.

"उसका साल जा रहा है."

"समझता हूँ. पर आज एक परचा वापस लिया तो कल कोई हमारा परचा पढ़ेगा नहीं. लाइन का सवाल है."

"और मैडम?"

"मैडम को हम सपोर्ट करेंगे. उन पर अलग परचा निकालेंगे." हे तो खरोखर म्हणाला. मी चहा तसाच ठेवून उठले. कपाट काय आणि संघटनेची लाइन काय, दोन्हीकडे माणसं आत ठेवून चावी खिशात घालायची तीच सवय.

शनिवारी पाचवा सामना होता. ती आली. ठरल्या वेळी आली, हातमोजे चढवले, उड्या मारल्या. सामना सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ती माझ्याशी बोलत नाहीये. राइट बॅकला ओरडत होती, मधल्या दोघींना ओरडत होती, "टाइट! टाइट! निकल, निकल!" माझ्या बाजूला चेंडू आला की मागे फक्त शांतता. गोलकीपरने एखादीला शिव्या घातल्या तर खेळता येतं. गप्प बसली की आपण एकट्या. दुसऱ्या हाफमध्ये त्यांची विंगर माझ्या पाठीमागून आत शिरली. मला ती दिसलीच नाही. मागून सांगणारं कुणी नव्हतं. चेंडू मध्ये आला आणि सहा यार्डांवरून आत गेला. एक-शून्य. तसाच संपला.

मी तिच्याकडे गेले. "एकदा ओरडली असतीस."

"लिही," ती म्हणाली. "टाइम लिहून घे." आणि बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं.

आमचा सीझन तिथे संपला. त्याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही. सोमवार येत होता.

रविवारी दुपारी क्वार्टरच्या बाल्कनीत बाबा पेपर वाचत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. माझी संघटना त्यांना बिल्कुल मान्य नव्हती. मला वाटलं होतं की आता ऐकावं लागणार. त्यांनी पत्रक मागितलं, चष्मा लावून दोनदा वाचलं.

"ड्राफ्टिंग चांगलं आहे," ते म्हणाले.

"बाबा!"

"अगं, चांगलं आहे म्हणूनच अडकलीस. ढिसाळ असतं तर कुणी धरलं नसतं." मग म्हणाले, "शुद्धिपत्र काढ."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? सरकारात रोज निघतात. 'बारह से डेढ़ के स्थान पर दो से साढ़े तीन पढ़ा जाए.' झालं. बाराला ती वर्गात, दोनला मैदानात. रजिस्टर खरं, फॉर्म खरे, तुझा टाइम तेवढा छपाईत चुकला."

"पण ते खोटं आहे."

"मग मघाशी काय होतं?"

बाबांनी पेपरची घडी घातली. "हे बघ, तुझा तो कन्व्हिनर सोमवारी खरं मागणार नाही. तो कागद मागणार आहे. त्याला हवा तसा कागद दे, तो मुलीला सोडेल. सोडलं नाही तर मला सांग."

"आणि सगळं कॉलेज म्हणेल की आम्ही वेळसुद्धा नीट लिहू शकत नाही."

"म्हणू दे की. तुझं वर्ष जातंय का?"

मी लिहिलं. एका ओळीचं शुद्धिपत्र, खाली संघटनेचं नाव न घालता फक्त 'लेखिका'. गोलकीपरला फोन करून वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, "ठीक आहे. मी क्लासमध्ये होते असं लिहून देते." आणि फोन ठेवला.

सोमवारी मी ते गेटवर, कँटीनमध्ये आणि स्टाफरूमच्या दारात वाटलं. क्रिकेटची तीच मुलं म्हणाली, "क्या यार, टाइम भी नहीं देखा?" मॅडमनी कॉरिडॉरमध्ये माझ्या हातातून कागद घेतला, वाचला, घडी करून परत दिला. "रजिस्टर मेरा था," त्या म्हणाल्या. "मुझसे पूछ लेती. मैं कह देती कि हाँ, मैंने लगाई." मी मान खाली घातली. त्यांना सांगता आलं नाही की हे त्यांच्यासाठी नव्हतंच.

कन्व्हिनर खूश झाले. त्याच आठवड्यात त्यांनी टीममधल्या प्रत्येकीच्या फॉर्मवर सही केली. 'न दिसणारे' फॉर्मसुद्धा दिसले. फक्त एक अट होती. आम्ही एकेकीने त्यांच्या खोलीत जाऊन, त्यांच्यासमोर, प्रत्येक फॉर्मवरचं 'बारा ते दीड' खोडून 'दोन ते साडेतीन' लिहायचं, आणि शेजारी आपली सही करायची. बारा-तेराजणी बाहेर ओळीने उभ्या होतो. गोलकीपर माझ्या पुढे होती. आतून पेनची कुरकुर ऐकू येत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या बोटाला शाई लागली होती. ती जीन्सला पुसत ती निघून गेली.

ती परीक्षेला बसली. सगळ्या पेपरांना बसली आणि पास झाली. तिच्या पप्पांनी एक मिठाईचा डबा माझ्यासाठी पाठवला, ही साक्षीदार म्हणून. मी तो घेतला.

जुलैमध्ये नवीन वर्ष सुरू झालं. पहिल्याच सोमवारी आम्ही बारा वाजता मैदानावर गेलो, तर फाटकाला कुलूप. गार्डने भिंतीवरच्या नोटीशीकडे बोट दाखवलं. टीमच्या स्वतःच्या लेखी निवेदनाप्रमाणे मुलींच्या फुटबॉलचा सराव दोन ते साडेतीन या वेळेत होतो. सबब दुपारी बारा ते दीड मैदान देखभालीसाठी बंद राहील. खाली कन्व्हिनरची सही. ह्या कागदावर सही करायला त्यांना सीझन संपायची वाट बघावी लागली नव्हती.

"लेकिन दो बजे तो हॉकी है," मी म्हणाले.

"वो मैं क्या जानूँ मैडम. आप ही लोगों ने तो लिखकर दिया है."

"वो ग़लत था."

"कौन-सा वाला?" गार्डने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती.

मुली थोडा वेळ उन्हात उभ्या राहिल्या. नवीन आलेल्या पहिल्या वर्षाच्या दोघींनी विचारलं, मग उद्या किती वाजता यायचं? एकेक करून सगळ्या कँटीनकडे गेल्या. त्या वर्षी आमच्या कॉलेजची मुलींची टीम कुठेच उतरली नाही, आणि वार्षिक अहवालात कन्व्हिनरने लिहिलं की विद्यार्थिनींमध्ये पुरेसा उत्साह दिसला नाही. विद्यार्थिनींमध्ये उत्साह नाही म्हणे! त्या अहवालाची प्रत माझ्याकडे आहे.

गोलकीपर मात्र फाटकाशी माझ्याबरोबर थांबली होती. हातमोजे तिने घातलेलेच होते. आम्ही डिसेंबरपासून नीट बोललो नव्हतो. तिने फाटकाच्या गजांतून आत बघितलं. सुट्टीत गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं. देखभाल करणारं कुणी नव्हतं.

"तू नसतं छापलंस तर मी आत मैदानात असते," ती म्हणाली. "शुद्धिपत्र नसतं काढलंस तर घरी असते."

"हो."

"मला कळत नाही तुझ्यावर कशासाठी चिडू."

"दोन्हीसाठी चीड."

"तुझं काय, तुला आवडेल ते." तिने एक मोजा काढला, मग दुसरा, आणि पिशवीत कोंबले. "जाते. लेक्चर सुरू झालं असेल."

"थांब ना. ह्याच्याशी बोलते मी."

"कुणाशी? वॉचमनशी?" ती पहिल्यांदा हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "बोल. तुला कुणीतरी लागतंच."

ती जिना चढून वर गेली. मी तिथेच राहिले. गार्डला नियम सांगितला, टीमचा हक्क सांगितला, हॉकीची वेळ सांगितली, त्या नोटीशीतलं प्रत्येक वाक्य कसं खोटं आहे ते सांगितलं. तो स्टुलावर बसून मान हलवत ऐकत होता. मग त्याची जेवायची वेळ झाली. त्याने कुलूप एकदा ओढून बघितलं, डबा उचलला आणि म्हणाला, "मैडम, आप कल आइए. कल भी मेरी ही ड्यूटी है."